एका जिल्ह्याला एकच दमणी

१९ ऑगस्ट १९८२, गुरुवार. पोळा.

काल आबांचं तेरावं झालं. मनातलं कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटलं, म्हणून ही वही. मॅट्रिकनंतर काही लिहिलं नव्हतं.

पंगतीत मामांनी विचारलं, नागोराव मिस्तरी गेले, आता दमणी कोण करणार? मी शांतपणे सांगितलं, मी करणार. धाकट्या भावाला, नरसिंगला ठसका लागला. ठसका थांबल्यावर तो सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला, मामा, दादाला पाचर ठोकता येत न्हाई, दमणी काय करतोय ह्यो. मी कढीचा द्रोण त्याच्या तोंडावर मारला. त्याने तांब्या फेकून मारला. मी वाकलो. तांब्या मामांना लागला. भुवईच्या वर तीन टाके पडले.

दुःखात माणसाकडून असं होतं. नरसिंग धाकटा आहे, त्याला जास्त झालं असणार. मी तसा ठीक आहे.

आज गल्लीतून बैलांच्या नऊ जोड्या गेल्या. गेल्या पोळ्याला मोजता मोजता दमलो होतो.

२४ ऑगस्ट

मुखेडच्या वाचनालयात एक बातमी वाचली. विलायतेत एक मोटार कंपनी आहे. लोक जितक्या गाड्या मागतात, त्याहून ती मुद्दाम कमी करते. मोठमोठी माणसं तीन तीन वर्षं थांबतात. थांबावं लागतं म्हणून गाडीची शान, आणि शान म्हणून पुन्हा लोक थांबतात. दोनदा वाचली. ग्रंथपाल म्हणाले, पेपर दुसऱ्यालाही द्यावा.

आबा वर्षाला दोनच दमण्या करायचे. म्हणजे आबांना ही पॉलिसी न वाचताच कळलेली होती. दमणी ही बसायची गाडी. शेणखत वाहायची नव्हे. हलकी, छताची, मागच्या फळीवर कोरलेले दोन राघू. ज्याच्या दारात आबांची दमणी, त्याला बाजारात लोक आधी रामराम घालायचे.

ठरवलं. यापुढे एका जिल्ह्याला वर्षाला एकच दमणी. आपल्या नांदेडला एक. लातूर गेल्या आठवड्यात नवा जिल्हा झाला, तो आपल्या पथ्यावर पडला. लातूरला एक. उस्मानाबाद आता लांब पडलं, ते बंद.

२५ ऑगस्ट

फळीवर बोर्ड रंगवला : ‘एका जिल्ह्यास एकच दमणी मिळेल. आग्रह करू नये.’

नरसिंगने वाचला. म्हणाला, दादा, पाऊस न्हाई. बैलं बाजारात चालल्यात. दमणीला काय माणसं जुंपतो का? लातूरकडं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागून राहिल्यात, त्या करू. मी म्हणालो, ट्रॉलीत उकिरडा वाहतात. तो म्हणाला, हाव, आन उकिरडा वाहणारा जेवतो. मग त्याने बोर्ड गुडघ्यावर धरून मोडला. मी त्याच्या गुडघ्यावर लाथ मारली. त्याने मोडलेल्या बोर्डाचा ‘आग्रह करू नये’ हा तुकडा माझ्या पाठीवर मारला.

दुसरा बोर्ड पत्र्यावर रंगवला आहे. पत्रा मोडत नाही.

२० सप्टेंबर

नरसिंग लातूरला गेला. तिथे नांदेड रस्त्यावर ट्रॉल्यांचं शेड आहे, तिथे लागला. जाताना आपल्या सुतारकामाच्या कारखान्याच्या दाराला त्याने अशी लाथ मारली की वरची बिजागरी निघाली. अजून लटकते आहे.

माझ्या मते हे चांगलंच झालं. तो असता तर हाताला काम हवं म्हणून दोनच्या चार दमण्या करून बसला असता. कंट्रोल राहिला नसता.

बायको म्हणाली, चाक कोण करणार? धुरपताला धंद्यातलं कळत नाही. तिला समजावलं की आबा माझ्या हातात पटाशी देत नसत, ते माझी बोटं जपण्यासाठी. शिकलेल्या माणसाचा हात प्लॅनिंगचा असतो. ती म्हणाली, मग प्लॅनिंगनं बिजागरी बसवा.

आबांची शेवटची दमणी कारखान्यात आहे. साठा, म्हणजे बसायचा सांगाडा, झाला, छत झालं, राघू झाले. एका राघूचा डोळा राहिला आहे. चाकं राहिली आहेत.

२६ ऑक्टोबर, मंगळवार. खंडेनवमी.

मोठा दिवस. सविस्तर लिहितो. डाव्या हाताने वरचा ओठ धरून लिहितो आहे.

सकाळी आबांची हत्यारं पाटावर मांडून पूजा केली. लाकूड तासायचा वाकस, रंधा, पटाश्या, घण. आज हत्यारांना सुट्टी असते, कुणी हात लावायचा नसतो.

दहा वाजता अहमदपूरकडचे साहेबराव पाटील आले. सोबत चार माणसं. म्हणाले, पंढरी मिस्तरी, नवा जिल्हा झालाय, मोठे साहेब उन्हाळ्यात दुष्काळी काम बघायला आमच्या गावाला येणार हायती. डांबरी रस्त्यापासून गावापर्यंत त्यांना जीपमधी न्हाई, नागोरावच्या दमणीत नेणार. नव्या जिल्हा परिषदेची हवा हाय, समजून घ्या. मी समजून घेतलं. लातूर जिल्ह्याची दमणी त्यांना दिली. विसार म्हणून नारळ घेतला.

साडेदहाला उदगीरचे आडत्ये भीमाशंकरअप्पा आले. त्यांची सहा माणसं. त्यांनाही दमणीच हवी होती. मी बोर्डाकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, मंग दुसरी करा की. मी म्हणालो, करता येते, पण करणार नाही. (हे वाक्य मला अजून आवडतं.) साहेबराव हसून म्हणाले, अप्पा, तुम्ही आपलं हरभऱ्याच्या पोत्यावर बसून या. अप्पा म्हणाले, पाटील, तुमच्या आज्याला आमच्या आज्यानं गाढवावर बसायला शिकवलं.

यानंतर मारामारी झाली. कुणी पाटावरचा घण उचलला, कुणी रंधा. हळदीकुंकू ओलं होतं. थोड्या वेळाने कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं कळेना. उदगीरच्या एका माणसाचं मनगट मोडलं. साहेबरावांच्या एका माणसाच्या कानाची पाळी गेली, ती नंतर भुशात सापडली. मी मध्ये पडून पॉलिसी समजावत होतो, तेव्हा एक कोपर माझ्या तोंडावर आलं. वरचा दात पडला.

शेजारचे लोहार गफूरभाई घोंगडं घेऊन आले आणि जनावरं हाकलावीत तसं सगळ्यांना बाहेर काढलं. मला म्हणाले, पंढरीभाऊ, तुमचे आबा होते तवा इथं चिमणी भांडत नव्हती.

बरोबर आहे. इतकी डिमांड आबांच्या काळात नव्हती.

२७ ऑक्टोबर. दसरा.

ओठ सुजल्यामुळे सोनं वाटताना कुणाशी बोललो नाही. लोक आदराने बघत होते.

नांदेडच्या दमणीसाठी अजून कुणी आलेलं नाही. ती जागा राखून ठेवली आहे.

१५ डिसेंबर

उद्यापासून चाकाला हात घालायचा. आबा बाभळीचा तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, वर्षभर बारवेत भिजत ठेवायचे, मग सावलीत वाळवायचे. बारवेत या वर्षी पाणी नाही, तळाला नुसती भेगाळलेली माती आहे. म्हणजे ती पायरी आपोआप वाचली.

१७ डिसेंबर

हात घातला. पटाशी अंगठ्यात गेली. सुरुवात झाली हे महत्त्वाचं.

९ फेब्रुवारी १९८३

एक चाक झालं. बारा आरे. जमिनीवर ठेवलं तर थोडं अंडाकृती दिसतं. वरून लोखंडी धाव बसली की गोल होईल. लोखंडापुढे लाकडाचं काही चालत नाही.

लातूरहून नरसिंगने माणसाबरोबर निरोप पाठवला : चाकं मला आणून दे, मी बघतो. निरोप आणणाऱ्या माणसाला मी दारातच धक्का दिला. तो नालीत बसला. त्याने उठून मला नालीत बसवलं. नाली कोरडीच होती.

आबा असते तर त्यांनी दोघांनाही उठवलं असतं. तुंबा असा धरायचे, दोन्ही पायांच्या मध्ये, बाळ धरल्यासारखा. असो.

२ मार्च

धाव बसवली. गफूरभाईंनी लोखंडी कडी शेणकुटांच्या आगीत लाल केली. चौघांनी सांडशीने उचलून चाकावर घातली. ती घातली की लाकूड पेट घेतं, आणि त्याच क्षणी भडाभडा पाणी ओतायचं असतं, म्हणजे लोखंड आक्रसून चाक आवळतं. एका चाकाला आठ-दहा घागरी लागतात. ही गोष्ट प्लॅनमध्ये धरायची राहिली.

गफूरभाई ओरडले, पानी! पानी कुठाय? लकडी जळतीय! कारखान्यात एक कळशी होती. गल्लीच्या तोंडाशी नुकताच टँकर येऊन गेला होता आणि बायकांच्या भरलेल्या घागरी ओळीने ठेवलेल्या होत्या. मी धावत जाऊन चार आणल्या, मग पुन्हा चार.

तिसऱ्या खेपेला गल्लीतली कस्तुराबाई दारात उभी होती. मुडद्या, म्हणाली, बापाच्या नावानं पाणी पाज म्हनलं तर चाकाला पाजतो व्हय रे! आणि रिकामी पितळी घागर माझ्या डोक्यात घातली. मागून बाकीच्या आल्या. किती होत्या सांगता येत नाही, पहिल्या घागरीनंतर मोजणं जमलं नाही. एकीने लाटायचं बेलणं आणलं होतं. गफूरभाईंना कुणी हात लावला नाही, उलट त्यांना, भाईजान, तुम्ही बाजूला व्हा, असं म्हणाल्या.

या गडबडीत दुसऱ्या चाकाला पाणी कमी पडलं. आरे काळे पडले.

३ मार्च

डोक्याला पट्टी. काळा रंग एकसारखा पसरला तर शिसवी दिसेल. दोन्ही चाकांना काळं पॉलिश केलं. असं पॉलिश आबांनीही कधी केलं नव्हतं.

राघूचा डोळा कोरायला घेतला होता. पटाशी टेकवली आणि परत उचलली. तसाच ठेवला.

२८ मार्च

साहेबराव दमणी घेऊन गेले. चाक कुरकुरतं म्हणाले. मी म्हणालो, नवी चप्पलही कुरकुरते. गफूरभाईंनी पाटलांना बाजूला घेऊन सांगितलं, ऊन लई हाय, लाकूड सुकंल, चाकं रोज भिजवा. पाटील म्हणाले, गफूर, गावात माणसाला आंघोळ न्हाई आठ दिस झाले.

दमणी वळणाआड जाईपर्यंत उभा होतो. उन्हाने डोळ्यांत पाणी आलं.

६ एप्रिल

साहेबरावांच्या गावी गेलो होतो. दमणी चालली की मागून चालायचं आणि लोक काय म्हणतात ते ऐकायचं, असा विचार होता. अहमदपूरहून एसटीने. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खडी फोडणारी माणसं, पाचशे तरी असतील. भीमाशंकरअप्पाही माणसं घेऊन आले होते, बाभळीखाली बसले होते.

मोठे साहेब जीपमधून उतरून दमणीत बसले. शेजारी साहेबराव, फेटा बांधून. बैलं निघाली. पहिली शंभर पावलं फार चांगली गेली. एक म्हातारी म्हणाली, नागोरावाची दमणी हाय बाई. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

मग उजव्या चाकाची धाव निघाली. ती पडली नाही. ती एकटीच रस्त्याने पुढे गेली, बैलांच्याही पुढे, आणि मुकादमाच्या नडगीवर आदळली. लोक आधी त्या मुकादमाकडे बघत होते. तेवढ्यात काळे आरे एकेक करून सुटले आणि दमणी उजवीकडे बसली. बैल बुजले. त्यांनी ती तशीच खडीवरून फरफटत नेली. छत उडालं. साहेबराव खाली पडले आणि मोठे साहेब साहेबरावांवर पडले. डावा बैल जुवात अडकून गुडघ्यावर आला, त्याचं शिंग मुळातून मोडलं. त्याचं ओरडणं ऐकवत नव्हतं.

मोठे साहेब उठले, कपडे झटकले आणि जीपमध्ये बसून निघून गेले. साहेबरावांच्या गळ्याखालचं हाड मोडलं. पाचशे माणसं, हातात घमेली, कुणी हसेना. बाभळीखाली अप्पांनी एकट्याने टाळ्या वाजवल्या.

मी घाईत घरी आलो. दोष रस्त्याचा होता. दमणी खडीसाठी नसते.

८ एप्रिल. नांदेड, दवाखाना.

काल साहेबरावांची सात माणसं जीपमधून आली. सोबत दमणीचा मोडका साठा बैलगाडीत टाकून आणला होता. तो कारखान्यात ओतला. मग मला मारलं. कशाने मारलं ते लक्ष देऊन पाहिलं, माझेच आरे होते. दोन बरगड्या आणि डावा हात मोडला, पण एकही आरा मोडला नाही. म्हणजे लाकडाची क्वालिटी चांगली होती, हे सिद्ध झालं.

रंध्याची दांडी तोडली, पटाश्यांवर दगड घातले, पत्र्याचा बोर्ड दुमडला. तेव्हा समजलं की पत्राही दुमडतो.

धुरपता डबा घेऊन आली होती. म्हणाली, नशीब, शेवटचा तडाखा डोक्यावर बसला. तिथं काय लागायसारखं न्हाई. मग माझा चेहरा पदराने पुसत बसली. बराच वेळ.

१५ एप्रिल. दवाखाना.

विचार केला. लातूरचा या वर्षीचा कोटा संपला. उत्पादन नीट आटोक्यात आहे. नांदेडची जागा रिकामी, पण घाई नाही. पुढच्या वर्षी दोन्ही जिल्ह्यांना मिळून एकच करावी काय?

शेजारच्या खाटेवरचे मलप्पा धर्माबादचे आहेत. बैलाने भोसकलं आहे. त्यांना पॉलिसी समजावली. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, मग आता तुमची दमणी कुठं बघायला मिळेल? मी म्हणालो, सध्या कुठेच नाही. ते म्हणाले, मंग लईच भारी असंल. इतक्या दिवसांत समजणारा एक माणूस भेटला. नर्स म्हणाली, त्यांना ताप आहे, बोलू नका.

३ मे

आठवडी बाजाराच्या दिवशी साहेबराव आले. हात गळ्यात. कारखान्यासमोर दीडशे तरी माणसं जमली. ते ओरडत नव्हते, म्हणून मला बरं वाटलं होतं. म्हणाले, पंढरी, तुज्या बापाचा मी मान करतो. दोन गोष्टी सांगतो. दसऱ्यापर्यंत नागोरावासारखी चाकं करून दे. न्हाईतर आत्ता, हितं, ह्या लोकांपुढं बोल, मला येत न्हाई. एवढंच बोल. मी जातो.

एवढे तीन शब्द होते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. धुरपता दारात उभी होती, ती मान हलवून बोला, बोला म्हणत होती.

मी म्हणालो, लातूरची या वर्षीची दमणी देऊन झाली आहे.

साहेबरावांनी चांगला हात पुढे केला. माणसाने कुऱ्हाड दिली. त्यांनी आत जाऊन मोडक्या साठ्याची मागची फळी पायाखाली घेतली. पहिल्या घावात एक राघू गेला, दुसऱ्या घावात दुसरा. डोळा नसलेला दुसरा होता.

मला पुढचं नीट आठवत नाही. मी आबांचा वाकस उचलला आणि साहेबरावांच्या डोक्यावर ओढला. दांडा मीच मार्चमध्ये नवा बसवला होता. वर नेला तेव्हाच वाकस दांड्यातून निसटून मागे गेला, हॉटेलवाल्याच्या टपरीत पडला आणि ओळीने लावलेले बारा ग्लास फुटले. माझ्या हातात नुसता दांडा राहिला. तो मी साहेबरावांच्या फेट्यावर मारला. फेटा खाली पडला, एवढंच.

साहेबरावांनी मला मारलं नाही. कुणीच मारलं नाही. आधी एक जण हसला, मग सगळा बाजार हसला. कस्तुराबाई हसली नाही. ती म्हणाली, पुरे करा की रे, त्याचा बाप मेलाय.

इतके दिवस मार खाल्ला, त्यात असं काही लागलं नव्हतं.

९ मे

काही नाही.

११ मे, बुधवार. लातूर.

प्लास्टर काल काढलं. सकाळच्या एसटीने लातूरला आलो. धुरपताला सांगितलं, धंद्याच्या कामाला जातो. तिने भाकरी बांधून दिली, काही विचारलं नाही.

शेड सापडलं. दारात पाच ट्रॉल्या उभ्या होत्या, लाल, सगळ्या सारख्या. आत नरसिंग सहावीचा पत्रा ठोकत होता. त्याने वर पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं आणि पुन्हा ठोकायला लागला. मी विचारलं, महिन्याला किती करता? तो म्हणाला, जेवढ्या मागतील तेवढ्या.

आवाज फार होता, म्हणून जवळ जाऊन मोठ्याने म्हणालो, नरसिंग, मला चाक येत नाही.

तो ठोकता ठोकता म्हणाला, हाव. ते सगळ्या मुखेडाला ठाव हाय. पुढं बोल.

पुढचं मी काही ठरवून आणलं नव्हतं. म्हणालो, आबा गेले.

घण थांबला. त्याने पाठ फिरवली. मग बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाला, हितं घाम लई येतो. घण पुन्हा उचलून म्हणाला, ते टोक धर.

धरलं. पत्रा उन्हाने तापलेला होता. दोन्ही तळहातांना फोड आले आहेत. उद्या सातला यायला सांगितलं आहे.